यमुआत्या आणि जिवंत भेग

सिन्नरला मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोह्यांच्या बशा बाहेर यायच्या आधी माझ्या आत्याने पिशवीतून ओळंबा काढला आणि मुलीकडच्यांच्या भिंतीला लावला.

ओळंबा म्हणजे गवंड्याचा. दोरीला टांगलेलं पितळी वजन, भिंत सरळ आहे की कललीय ते सांगणारं. मुलीचे वडील हातात पाण्याचा तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. माझ्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. आत्याने एक डोळा बारीक करून दोरीकडे बघितलं, फूटपट्टी लावली आणि जाहीर केलं, "दोन सूत बाहेर हाय, पाव इंच. घाबरू नका, जुनं दुखणं हाय ते."

मग ती खुर्चीत बसली, पोहे खाल्ले, आणि मुलीला एकच प्रश्न विचारला. स्वयंपाक येतो का, हे नाही; गाणं येतं का, हेही नाही. "तुमच्या न्हाणीचं पाणी कुठं जातं गं?"

मुलगी लाजली नाही. म्हणाली, "ह्याच भिंतीच्या बुडाशी मुरतं. मी दादांना दहा वेळा सांगितलंय, नळी टाका म्हणून."

आत्याने तिथल्या तिथे माझ्या वडिलांना सांगून टाकलं, "आण्णा, भिंत कललीय, पण पोरगी ओळंब्यात हाय. होकार दे."

मला कुणी विचारलंच नाही. वर्षा, म्हणजे तीच मुलगी, आज पंचवीस वर्षांनंतरही भांडण झालं की म्हणते, "मला तुम्ही कुठे पसंत केलंत? मला आत्याबाईंनी पास केलं."

तर ही यमुआत्या. पूर्ण नाव यमुना, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आम्ही मूळचे मखमलाबादचे, झेंडू-शेवंती पिकवून नाशिकच्या फुलबाजारात नेणारी माणसं. आत्याचं लग्न झालं आणि दोन वर्षांत नवरा गेला. मूलबाळ नाही. सासरच्यांनी हात झटकले. तेव्हा वडिलांनी, ज्यांना आम्ही सगळेच आण्णा म्हणायचो, बहिणीला शिकवलं आणि सरकारी नोकरीला लावलं. घराण्यातली पहिली नोकरदार बाई. आणि नोकरी कुठे, तर घोटीकडच्या एका धरणाच्या पोटात.

अक्षरशः पोटात. दगडी धरणाला आतून एक बोगदा असतो. अंधारा, ओला, गार. धरण किती पाझरतंय, पाण्याचा दाब किती आहे, भिंत कुठे हललीय का, हे सांगणारी मापं त्या बोगद्यात बसवलेली असतात. रोज सकाळी साडेसहाला आत्या बॅटरी आणि वही घेऊन आत जायची, एकेक माप वाचायची, लिहायची, बाहेर यायची. तीस वर्षं. दिवाळी नाही, पाडवा नाही. साडेसहाच का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "दगड उन्हानं फुगतो रे. रोज एकाच वेळेला बघितलं तरच खरं कळतं. नायतर त्याचं ऐकून आपण फसतो."

एकदा बोगद्यात धामण आडवी पडलेली होती. आत्या तिला ओलांडून गेली, मापं घेतली, परत ओलांडून आली. वहीत शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, "सर्प. निरुपद्रवी. पाझर नेहमीप्रमाणे." आणखी एकदा बाहेर धो धो पाऊस होता, तेव्हा कुणी साहेब म्हणाले, आज आत कशाला जाता, कालचेच आकडे टाका. आत्या म्हणाली, "साहेब, कालचं धरण काल होतं." आणि गेली आत.

पुढे खात्याने धरणात आपोआप मापं घेणारी यंत्रं बसवली. भिंतीत बसायची, मापायची, संगणकावर पाठवायची. सगळ्यांना वाटलं, आता ही बाई आकांडतांडव करणार, माझी जागा गेली म्हणून. कसलं काय! आत्या लहान पोरीसारखी खूश. आण्णांना फोन करून सांगत होती, "अरे, पंधरा मिनिटाला एक रीडिंग! मला उभ्या जन्मात दिवसाला एकच मिळालं." बोगद्यात मात्र ती रोज जातच राहिली. यंत्राचा आकडा आणि डोळ्यांचा आकडा जुळतो का ते बघायला. निवृत्तीनंतर तिने ह्या स्मार्ट उपकरणांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम केला, इंग्रजीतला, वहीत प्रत्येक शब्दापुढे मराठीत अर्थ लिहून. परीक्षेत पास झाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले.

निवृत्तीनंतर ती आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून एका लहानशा फ्लॅटमध्ये राहायला आली. एकटीच. आमच्याकडे ये म्हटलं तर म्हणायची, "एका छताखाली दोन स्वयंपाक नकोत. लोड वाढतो."

तिच्याबरोबर कुठे जाणं म्हणजे डोक्याला ताप. कुणाच्याही घरी गेली की आधी खांबाला हात लावणार, मग माणसाला नमस्कार. मिसळ खायला नेली तर छताला ओल कुठे आहे ते बघून टेबल निवडणार. उड्डाणपुलावरून रिक्षा गेली की जोड मोजणार आणि एखादा जास्त आपटला तर रिक्षावाल्याला परत फिरायला सांगणार. आणि तोंडी एकच पालुपद, "मोजलंस का?" अंगात ताप आहे म्हटलं, मोजलास का? फार दमलो म्हटलं, मोजलंस का? आमच्या रेणूने, म्हणजे माझ्या मुलीने, येवल्याच्या एका मुलावर प्रेम असल्याचं घरात सांगितलं, तेव्हा वर्षा रडायला लागली, मी ओरडायला लागलो, आणि आत्या शांतपणे म्हणाली, "मोजलंस का?"

रेणूही तिचीच नात. म्हणाली, "चार वर्षं."

"मग पाया बसलाय," आत्या म्हणाली. "करून टाका."

झालं! ठरलं. तुळशीचं लग्न लागलं की साखरपुडा, आणि तोही आमच्याच घराच्या गच्चीवर. हा रेणूचा हट्ट. घर आण्णांनी बांधलेलं. आण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. नात म्हणाली, आजोबा येऊ शकत नाहीत ना, मग त्यांच्या घरात करू. आता ह्यावर कोण काय बोलणार? आत्याच्या तर डोळ्यांत पाणी आलं. ही गच्ची टाकली तेव्हा स्लॅबवर पाणी मारायला तिने एकवीस दिवस रजा काढली होती. तीस वर्षांतली तेवढीच एक लांब रजा.

आणि गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात वर्षाने जाळी काढताना मला हाक मारली. दिवाणखान्याच्या तुळईला भेग गेली होती. खांबाजवळ सुरू होऊन तिरपी, वीतभर लांब.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेजारचा बंगला पाडून तिथे उंच इमारत व्हायची होती आणि तळघरासाठी खड्डा खणणं चालू होतं. दिवसभर खडक फोडणाऱ्या ब्रेकरची धडधड. कपाटातल्या बशा वाजायच्या. मी सातपूरला एका कारखान्यात देखभाल विभागात आहे, यंत्रांचं मला कळतं, पण घर म्हणजे काही यंत्र नाही, बंद करून उघडून बघायला. साखरपुड्याला ऐंशी माणसं गच्चीवर उभी राहणार होती. आणि साखरपुडा सोडा हो, त्या तुळईखाली आम्ही तिघं रोज जेवत होतो.

आत्या आली. स्टुलावर चढली. भिंग लावून भेगेकडे बघत राहिली. मी खालून विचारलं, "काय गं, पडेल का घर?"

"गप रे. भेग जिवंत हाय का मेलेली, ते बघू दे आधी."

मेलेली भेग म्हणजे एकदा पडली आणि थांबली. तिला लिंपायचं आणि विसरायचं. जिवंत भेग म्हणजे वाढणारी. तिला लिंपलं तर ती आतून खात राहते. आणि हे एका दिवसात कळत नाही. पूर्वी आत्या अशा भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची. भेग हलली की काच तडकायची. आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या घरात अशा काचा आहेत. ह्या वेळी मात्र तिने पिशवीतल्या पोह्याच्या डब्यातून तीन पांढरी यंत्रं काढली, काडेपेटीपेक्षा जरा मोठी. एक भेगेवर, दोन्ही बाजूंना धरून मध्ये बारीक दांडी असलेलं. ते भेगेची रुंदी मोजणार. एक खांबावर, कल मोजायला. एक गच्चीवर, हादरे मोजायला. सगळं वायफायवरून आमच्या चौघांच्या फोनवर. मर्यादेबाहेर काही गेलं की फोन असा कोकलायचा की मेलेला उठून बसावा.

"आणि मी सकाळी साडेसहाला येत जाईन," आत्या म्हणाली.

"अगं, फोनवर दिसणारच आहे ना तुला घरबसल्या?"

"दिसू दे की."

दुसऱ्या दिवसापासून बरोबर साडेसहाला बेल. रविवारी पण. मी उशिरा उठणारा माणूस. दार उघडलं की आत्या हातात बॅटरी घेऊन उभी, स्टूल ओढणार, भिंगातून बघणार, पेन्सिलने खूण करणार, मग चहा घेऊन एक तास बसणार. आठव्या दिवशी मी वर्षाला म्हणालो, हिला सांग ना काहीतरी. वर्षा म्हणाली, "तुमची आत्या, तुम्ही सांगा. शिवाय माझा डबा करायच्या वेळेला त्या मध्येच उभ्या असतात, मी बोलतेय का?" बोलत नव्हती, पण भांडी आपटत होती.

त्या यंत्रांनी आमच्या संसाराचं पार वस्त्रहरण केलं. एकदा मी कारखान्यात साहेबांसमोर बसलेलो आणि फोनने बोंब ठोकली. गच्चीवर हादरे! मी मोटरसायकल काढून धावत घरी. वर्षा गच्चीवर काळ्या मसाल्याच्या मिरच्या कुटत बसली होती, लोखंडी खलबत्त्यात. संध्याकाळी आत्याने फोनवरचा आलेख बघितला आणि विचारलं, "वर्षा, अडीचच्या सुमाराला तुला कुणाचा राग आला होता का गं? तिथं ठोके लय जोरात पडलेत." वर्षाने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

माझंही तेच. मी रोज संध्याकाळी अर्धा तास गच्चीवर योगासनं करतो, असं घरात सांगितलेलं. डॉक्टरांनी करायला लावली होती. आत्या एकदा चहा पिता पिता म्हणाली, "सात ते साडेसात गच्चीवर काहीच हालचाल नाय. मुंगी चालली तरी कळतं बरं का." संपलं. त्या दिवसापासून वर्षा माझ्या मागोमाग गच्चीवर यायला लागली.

पण खरा घोळ घातला तो मी, दसऱ्याला.

कारखान्यात आम्ही दरवर्षी यंत्रांची पूजा करतो. हळदकुंकू वाहायचं, हार घालायचा, वर्षभर हात-बोटं शाबूत ठेवलीस, उपकार झाले म्हणायचं. त्या सकाळी मला वाटलं, घरातली ही तीन बिचारी यंत्रं, दिवसरात्र आमच्यासाठी जागतात, ह्यांनी काय पाप केलंय? मी तिघांना हळदकुंकू लावलं. मखमलाबादहून चुलतभावाने झेंडूचे हार पाठवले होते, मनगटाएवढे जाड. एकेक घातला. भेगेवरच्या यंत्राला घालायला जागा नव्हती, तर त्या मधल्या बारीक दांडीलाच अडकवला. लांबून बघितलं, फार छान दिसत होतं.

दहा मिनिटांनी येवल्याचे पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, वडील. साखरपुड्याचं बोलायला आणि सोनं द्यायला. मुलाच्या वडिलांनी उभा जन्म मागावर पैठणी विणली, बोलणं कमी. वर्षाने बासुंदीच्या वाट्या आणल्या. मी आपट्याचं पान हातात घेऊन उठलो, आणि घरातले तिन्ही फोन एकदम किंचाळले. भेग दीड मिलिमीटरने उघडली होती!

पाठोपाठ आत्याचा फोन. "बाहेर व्हा! सगळे! चपला घालत बसू नका!"

आम्ही गल्लीत. मुलाच्या आईच्या हातात बासुंदीची वाटी, मुलगा एका पायात मोजा घालून, रेणू पांढरीफटक. मी आपट्याचं पान घट्ट धरून घराकडे बघतोय. आण्णांनी बांधलेलं घर. मला वाटलं, आता ते खाली बसणार आणि मी नुसता बघत राहणार.

तीन गल्ल्यांवरून आत्या पळत आली. सत्तरीची बाई, पदर खोचलेला. "आत कुणी यायचं नाय," म्हणाली आणि एकटी आत गेली. मी "आत्या!" म्हणून ओरडलो, तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. ती दोन मिनिटं कशी गेली ते माझं मला माहीत. मग ती दारात आली. हातात झेंडूचा हार.

"शऱ्या, हे काय?"

मी सांगितलं. मग वर्षा जी हसायला लागली ती कठड्यावर बसलीच. मी पाहुण्यांची माफी मागायला लागलो, तर मुलाचे वडील म्हणाले, "अहो, आमच्याकडं पण एक धागा तुटला तर माग थांबवावाच लागतो. कशानं तुटला ते नंतर बघायचं. बाईंनी बरोबर केलं." मला तो माणूस त्या क्षणी आवडला.

सगळे हसत आत आले. हसत नव्हती ती फक्त आत्या. ती स्टुलावर उभी होती, भिंग डोळ्याला, फोन हातात. पाहुणे गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"हार काढला तरी भेग पहिल्या जागी आली नाय. थोडी जास्तच हाय. तुझ्या हारानं फक्त मला नीट बघायला लावलं." तिने गेल्या तीन आठवड्यांचा आलेख दाखवला. "उन्हानं उघडते ती सांजेला मिटते. ही रोज थोडी मिटायची राहते. पायरी पायरीनं चढतीय बघ. रविवारी मात्र चढत नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे जिवंत हाय."

त्या रात्री आम्ही कुणी नीट जेवलो नाही. रेणू म्हणाली, "बाबा, हॉल घेऊ या. गच्ची राहू दे." इतकं समजुतीने म्हणाली की मला तिचा हट्ट परवडला असता.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आत्या शेजारच्या कामावर गेली. मी रजा टाकून बरोबर. साइटवरचा इंजिनिअर तरुण, डोक्यावर टोपी, मान वर न करता म्हणाला, "मावशी, तुमचं घर जुनं आहे. जुन्या घरांना भेगा पडतातच."

"घर जुनं हाय, घड्याळ नवं हाय," आत्या म्हणाली आणि कागद पसरला. "हे तुमच्या ब्रेकरचे हादरे, माझ्या गच्चीवरचे. ही भेग. नऊ वाजून बारा मिनिटांनी तुम्ही सुरू केलंत, भेग सुरू. एक ते दोन तुमची जेवणाची सुट्टी. माझी भेगसुद्धा तुमच्याबरोबर जेवायला जाते. रविवारी तुम्हाला सुट्टी, तिलाही सुट्टी. आता सांगा, ही जुन्या घराची सवय हाय का तुमची?"

पोराने मान वर केली. कागद घेतला. बराच वेळ बघत राहिला. भला पोरगा निघाला, हे कबूल केलं पाहिजे. त्याने आत्याला खुर्ची दिली आणि त्याच्या वरिष्ठांना फोन लावला. मी भांडायची तयारी करून गेलो होतो, बाह्या सावरून, ती वायाच गेली. दुपारी ब्रेकर थांबला. चार दिवसांत आमच्या बाजूने खड्ड्याच्या भिंतीला लोखंडी आधार बसला. महापालिकेच्या यादीतले एक इंजिनिअर येऊन आमचं घर तपासून गेले. खांब ठणठणीत आहे म्हणाले. खालची माती सैल झाल्यामुळे तुळईला ताण आलाय, तेवढ्यापुरता टेकू देऊ. महिनाभर भेग हलली नाही तर ती भरून घ्या आणि बिनधास्त राहा. जाताना आत्याच्या आलेखांचे फोटो काढून घेतले.

मग तो महिना. दिवाळी आली, पण आमच्या घरात आधी आलेख बघायचे, मग फराळ. मी ऑफिसात तासातासाला फोन काढायचो. वर्षा कणीक मळताना पिठाच्या हाताने काढायची. रेणू येवल्याला आकडे कळवायची आणि तिकडून मुलाचे वडील विचारायचे, "आज कशी हाय भेग?" उन्हाने उघडायची, सांजेला मिटायची, पुरती मिटायची. रोज. आणि साडेसहाला बेल. एव्हाना मी बेल वाजायच्या आधी जागा व्हायला लागलो होतो, पण कुरकुर सोडली नव्हती. माणसाने आपला स्वभाव इतक्यात सोडू नये.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आत्या स्टुलावरून उतरली. बॅटरी विझवली. पदराने भिंग पुसलं.

"मेली," म्हणाली.

"कोण?" वर्षा दचकून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"भेग गं. मेली. करा साखरपुडा."

माझा जीव भांड्यात पडला. मी, पन्नाशी उलटलेला माणूस, खुर्चीत बसून चक्क रडलो. रेणूने आत्याला उचलून गोल फिरवलं आणि आत्या ओरडत होती, "अगं सोड, माझा बॅलन्स जातो!"

चार दिवसांनी साखरपुडा गच्चीवरच झाला. आत्याने पन्नासच्या वर माणूस चढू दिला नाही. जिन्यात उभी राहून मोजत होती. नवरदेवाच्या मामाला तिने दहा मिनिटं खाली थांबवलं, कुणी उतरेपर्यंत. अंगठ्या घातल्या गेल्या, टाळ्या झाल्या, मग पोरांनी गाणी लावली आणि नाचायला लागली. मी घाबरून आत्याकडे बघितलं. ती फोनमध्ये बघत होती. "नाचू दे," म्हणाली. "एवढं आण्णाच्या घराला झेपतं." मी आयुष्यात इतका निर्धास्त कधी जेवलो नसेन. तीन वेळा जिलबी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बेल वाजली. आत्याच्या हातात बॅटरी नव्हती, स्क्रू-ड्रायव्हर होता.

ती एकेक यंत्र काढायला लागली. एरवी हात कसा सपासप चालतो तिचा, त्या दिवशी एका स्क्रूला पाच मिनिटं. काढलेलं यंत्र कापडाने पुसायची, डब्यात ठेवायची, परत काढून पुसायची. सगळं झाल्यावर डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "चला. उद्यापासून काय येत नाय मी. काम झालं."

मी मूर्ख माणूस. म्हणालो, "बरं झालं आत्या. तुलाही आता आराम. सकाळची जरा झोप तरी घेशील."

"झोप कुठली रे येते," ती म्हणाली. "चारलाच डोळे उघडतात. मग साडेसहा वाजायची वाट बघायची. आता वाजले तरी काय करायचं म्हणा." हे ती माझ्याशी बोललीच नाही, डब्याशी बोलली. आणि चपला घालायला वाकली.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फोनवर सगळं दिसत असताना ही बाई दोन महिने रोज तीन गल्ल्या चालून का येत होती ते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वर्षाचा आवाज आला, "आत्याबाई, जरा आत या बरं. इथे एक भेग दिसतेय."

आम्ही दोघं आत गेलो. ओट्याच्या वर, डब्यांच्या फळीशेजारी रंगाला केसासारख्या चार रेघा गेल्या होत्या. मी म्हणालो, "अगं, हे तर रंगाचे पोपडे..." वर्षाने माझ्याकडे असं बघितलं की पुढचे शब्द मी गिळले.

आत्याने भिंग काढलं. बघितलं. नखाने जरा खरवडलं. रंगाचा तुकडा खाली पडला, आत भिंत स्वच्छ. ती भिंतीकडे तोंड करून तशीच उभी राहिली.

"वर्षा," ती म्हणाली, "मी तीस वर्षं भेगा बघितल्यात गं. हे पोपडे हायेत."

"माहितीये मला," वर्षा म्हणाली. चहाचं आधण उतू जात होतं, तिने गॅस बारीक केला. "पोपडे असले म्हणून काय झालं? यायचं."

आत्या वळली नाही. नुसता तिचा खांदा हलताना दिसला. मग तिने पदर डोळ्यांना लावला, नाक पुसलं आणि विचारलं, "मग सात वाजता येऊ का? शऱ्याची झोप मोडते."

"साडेसहालाच ये," मी म्हणालो.